मॅगींना न दिसलेले सेरी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मेक्सिकोतील सेरी लोकांवर पानभर लेख आला, तो वाचून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावीच लागली तर शेवटची विनंती तेवढी ठेवा, बाकीचे गेले तरी चालेल.

जेमतेम हजारभर माणसांच्या समाजाला मराठी वर्तमानपत्राने एवढी जागा द्यावी, हे चांगलेच झाले. पण लेखकमहाशयांनी विल्यम जॉन मॅगी यांना ‘सेरींमध्ये राहून त्यांचे जीवन जगासमोर आणणारे मानववंशशास्त्रज्ञ’ ठरवले आहे आणि मग मॅगींचीच विधाने एकापाठोपाठ एक दिली आहेत. सेरींना चाकू वापरण्याची समजच नाही, परक्याचे रक्त सांडणे हे त्यांच्यात सर्वांत मोठे पुण्य आणि परक्याशी लग्न करणे हे सर्वांत घोर पाप, वगैरे. हे मॅगींनी लिहिले आहे, याबद्दल वाद नाही. त्यांना ते कळले कुठून, हे मात्र लेखात कुठेच नाही. कारण मॅगी सेरींमध्ये राहिलेच नव्हते.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात क्षेत्रकार्य कसे करावे हा विषय शिकवला. मॅगींचा सेरींवरचा अहवाल मी दरवर्षी वर्गात न्यायची. एक पान उघडायचे आणि मुलांना म्हणायचे, प्रत्येक वाक्याच्या कडेला पेन्सिलीने लिहा: हे लेखकाने पाहिले, हे ऐकले, की हे त्याला वाटले? पहिल्या परिच्छेदात मुले गंभीर असत, तिसऱ्यापर्यंत खुसुखुसु हसायला लागत. एका मुलीने विचारले होते, ‘मॅडम, एवढ्या सगळ्यात सेरी बोलतात कुठे?’ त्या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

हकीकत अशी. मॅगी वॉशिंग्टनच्या ‘ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेत होते. १८९४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ते मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात उतरले आणि कोस्टा रिका नावाच्या रँचवर (देशाशी संबंध नाही, रँचचेच ते नाव) काही सेरी कुटुंबे मुक्कामाला होती, त्यांना भेटले. ही भेट जेमतेम एक-दोन दिवसांची. बरोबर विल्यम डिनविडी हे छायाचित्रकार होते, त्यांनी फोटो काढले. माशेम नावाच्या स्पॅनिश जाणणाऱ्या एका सेरी माणसाने दुभाष्याचे काम केले आणि त्याच्याकडून शब्दांची यादी उतरवून घेतली गेली. पुढच्या वर्षी मॅगी पुन्हा आले, या वेळी पूर्ण तयारीनिशी. वाळवंट ओलांडले, होडीतून सेरींच्या तिबुरोन बेटावर गेले, पाण्यावाचून आणि वादळाने हाल सोसले. बेटावर त्यांना सेरींच्या सोडलेल्या झोपड्या दिसल्या, पाऊलवाटा दिसल्या. सेरी एकही भेटला नाही. बंदुका घेतलेली टोळी किनाऱ्याला लागली की लोक आत डोंगरात निघून जात, आणि जाणारच. त्यांना बंदुकांचा अनुभव होता.

या दोन फेऱ्यांवर १८९८ मध्ये तीनशेच्या आसपास पानांचा ग्रंथ छापून निघाला. मग ही पाने भरली कशाने? बरीचशी माहिती पास्क्वाल एन्सिनास या रँचमालकाकडून आणि त्याच्या माणसांकडून आली. १८५०-६० च्या सुमारास याच एन्सिनासच्या माणसांनी गुरांच्या चोरीवरून सेरींशी वर्षानुवर्षे लढाई केली, तिला पुढे ‘एन्सिनासचे युद्ध’ असेच नाव पडले. म्हणजे युद्धातल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूचे वर्णन सांगायचे आणि ते वॉशिंग्टनच्या शिक्क्यानिशी शास्त्र म्हणून छापायचे. उरलेली जागा मॅगींच्या सिद्धान्ताने भरली. मानवजात रानटीपणापासून सुधारणेपर्यंत पायऱ्या चढत आली आहे, असे त्यांचे ठाम मत होते, आणि सर्वांत खालची पायरी रिकामी होती. सेरी त्या पायरीवर बसवले गेले.

मॅगी थापाड्या किंवा आळशी होते, असे मला म्हणायचे नाही. आयोवातल्या शेतकऱ्याच्या घरी १८५३ मध्ये जन्मलेला, शाळा फारशी न पाहिलेला हा माणूस स्वतःच्या हिमतीवर भूगर्भशास्त्रज्ञ झाला, ईशान्य आयोवाचा भूगर्भीय अभ्यास केला आणि १९०२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनचा पहिला अध्यक्षही झाला. पाहण्याची नजर त्यांना होती. लेखात १९०५ ची गोष्ट यायला हवी होती, ती आलेली नाही. त्या उन्हाळ्यात मॅगी ॲरिझोनाच्या वाळवंटात तिनाहास आल्तास या पाणवठ्याशी तळ ठोकून राहिले होते, हवामानाच्या नोंदी करत. तिथे पाब्लो वालेन्सिया नावाचा सोने शोधणारा माणूस जवळजवळ आठवडाभर पाण्यावाचून भटकून सरपटत पोहोचला. मॅगींनी त्याला वाचवले आणि त्याचे ओठ, जीभ, कातडी, आवाज, दृष्टी यांची काय अवस्था झाली होती आणि ती कशी सुधारत गेली, हे दिवसागणिक टिपून ठेवले. १९०६ मध्ये छापलेला तो तहानेवरचा निबंध वैद्यकीय लेखनात आजही आदराने उल्लेखला जातो. तोच माणूस, तेच ॲरिझोनापर्यंत पसरलेले सोनोराचे वाळवंट. एकदा एका जागी मुक्काम करून डोळ्यांसमोरच्या माणसाकडे पाहिले, आणि एकदा न भेटलेल्या माणसांबद्दल ग्रंथ लिहिला. आपल्या लेखकांना मॅगींचा गौरवच करायचा होता, तर तहानेवरच्या कामाचा करायला हवा होता.

याचे परिणाम कागदावर राहतात असे समजू नये. १९०४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात मानववंश विभागाचे प्रमुख या नात्याने मॅगी देशोदेशीच्या आदिवासींना मैदानात आणून त्यांच्या धावण्याच्या आणि फेकण्याच्या शर्यती लावत होते, ऑलिंपिकच्याच आवारात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोनोराचा गव्हर्नर राफाएल इसाबल सैन्य घेऊन तिबुरोन बेटावर उतरला. याकी या सोनोरातल्याच दुसऱ्या जमातीच्या बंडखोरांना सेरींनी आसरा दिला, असा त्याचा आरोप होता. त्यात सेरी मारले गेले. अहवालामुळे सैन्य गेले, असे मी म्हणत नाही. गव्हर्नरने तो वाचलाही नसेल. पण ‘परक्याचे रक्त हेच यांचे पुण्य’ असे ज्यांच्याविषयी सरकारी ग्रंथात छापले आहे, त्यांच्या मृत्यूबद्दल कोण हळहळणार?

१९३० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर सेरींकडे गेले. तेही थोड्याच दिवसांसाठी. पण क्रोबर जाताना मॅगींचा ग्रंथ तपासून पाहायला गेले होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिले की, ही माणसे आसपासच्या इतर जमातींहून काही निराळ्या जातकुळीची नाहीत. पुस्तिका छोटी आहे. मॅगींचा ग्रंथ जाड आणि सचित्र, म्हणून तोच लोकांच्या लक्षात राहिला. आपल्या लेखातही क्रोबर नाहीत.

खरे राहणे सुरू झाले १९५१ मध्ये. एडवर्ड मोझर आणि त्यांच्या पत्नी मेरी बेक मोझर, सगळे त्यांना बेकी म्हणत, सोनोराच्या किनाऱ्यावरच्या एल देसेंबोके या गावात आले आणि तिथेच त्यांनी बिऱ्हाड केले. मुलगी कॅथी याच गावात सेरी मुलांबरोबर वाढली. हे दोघे ‘समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स’चे, म्हणजे हेतू उघड होता: भाषा शिकायची आणि बायबलचे भाषांतर करायचे. १९८२ मध्ये सेरी भाषेतला नवा करार निघाला. या संस्थेवर मेक्सिकोत खूप टीका झाली, १९७९ मध्ये सरकारने तिच्याशी असलेला करारही संपवला, आणि त्या टीकेतले बरेच मला पटते. दुसऱ्याच्या देवाच्या जागी आपला देव बसवायला निघालेला माणूस निःपक्ष नोंदी करील का, हा प्रश्न वर्गात मी स्वतः विचारत असे. तरीही मोझर दांपत्याचे कागद वाचले की एक फरक लगेच जाणवतो. त्यांच्याकडे ‘एक सेरी म्हणाला’ असे नाही. रोबेर्तो हेर्रेरा म्हणाले, हेसुस मोरालेस म्हणाले, असे आहे. १९७६ मध्ये सेरी गोष्टींचे एक पुस्तक निघाले, त्यावर लेखक म्हणून हेर्रेरा, मोरालेस आणि हुआन तोपेते यांची नावे आहेत आणि मोझर दांपत्य संकलक आहेत. त्याच वर्षी एडवर्ड वारले. बेकी काम करत राहिल्या.

मॅगींना सेरी म्हणजे एकच हिंस्र टोळी वाटली होती. गावात बारा वर्षे काढल्यावर, १९६३ मध्ये, एडवर्ड मोझर यांनी एक लेख लिहिला: पूर्वी सेरींचे सहा गट होते, प्रत्येकाचा आपापला किनारा, आपापले पाणवठे. त्यांतला एक गट सान एस्तेबान या छोट्याशा खडकाळ बेटावरचा. ही माणसे एकोणिसाव्या शतकात संपली. पुढे टॉमस बोवेन या पुरातत्त्व अभ्यासकाने सान एस्तेबानचा पाठपुरावा केला आणि २००० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बेटावरची दगडी अवशेषांची रचना एकीकडे आणि देसेंबोकेतल्या म्हाताऱ्यांनी मोझरांना सांगितलेल्या आठवणी दुसरीकडे, यांची सांगड त्यांनी घातली. म्हाताऱ्यांना विचारायला कोणी नसते, तर तिथे फक्त दगड राहिले असते.

पण माझ्या मते सेरी अभ्यासातले सर्वांत सुंदर काम वनस्पतींवरचे. रिचर्ड फेल्गर हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि बेकी मोझर यांनी मिळून ते केले. तिबुरोन बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये इन्फियेर्निलो नावाची उथळ खाडी आहे. तिच्या तळाशी ईलग्रास नावाचे सागरी गवत वाढते. वसंतात, एप्रिलच्या सुमारास, ते दाण्याला येते, पिकलेले गवत सुटून पाण्यावर तरंगते आणि किनाऱ्याला लागते. सेरी बायका ते गोळा करत, वाळवत, झोडपत, उफणत, दाणे भाजून दळत आणि त्याची पेज शिजवत. पेज बेचव, म्हणून तिच्यात मध किंवा कासवाचे तेल घालायचे, नाहीतर कार्दोन निवडुंगाच्या बियांची जोड द्यायची. समुद्रातून धान्य काढून खाणारा दुसरा समाज शास्त्रज्ञांना माहीत नव्हता. १९७३ मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले, पुढे १९८५ मध्ये दोघांचा वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ. मोझर गावात आल्यापासून चौतीस वर्षांनी! मॅगींना ग्रंथासाठी पहिल्या भेटीपासून चार वर्षे पुरली होती. आणि गंमत पाहा, शेती न करणारे म्हणून ज्यांना तळाच्या पायरीवर बसवले, त्यांच्या बायका झोडपणी-उफणणी बिनचूक करत होत्या, फक्त शेत समुद्रात होते.

स्पेनमध्ये कादिसजवळ आंखेल लिओन नावाचे प्रसिद्ध शेफ हेच दाणे ‘समुद्री तांदूळ’ म्हणून पिकवण्याचा प्रयोग करत आहेत. १९७३ च्या त्या लेखाचा धागा पकडूनच ते इथवर आले. आपल्या लेखात या प्रयोगाचे कौतुक चौकटीत आहे, सेरी बायकांचा उल्लेख चौकटीत नाही. चौकट लिहिणाऱ्याला हे कसे सुचले नाही, कोण जाणे.

कासवांची गोष्ट मात्र वाचवत नाही, तरी सांगायला हवी. हिवाळ्यात पाणी गार झाले की कॅलिफोर्नियाच्या आखातातली, म्हणजे सेरींच्या समुद्रातली, हिरवी कासवे तळाशी वाळूत अर्धवट रुतून निपचित पडून राहतात. कासव असे काही करते, हे जीवशास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते. सेरींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पाणी नितळ आणि शांत असेल त्या दिवशी ते होडीतून खाली न्याहाळत आणि लांब काठीच्या भाल्याने कासव टिपत. उथळ पाण्यातलीच कासवे हाती लागत, खोलातली सुरक्षित राहत. १९७० च्या दशकात नळीतून हवा घेऊन बुडी मारणाऱ्या मेक्सिकन कोळ्यांना हीच जागा स्वतंत्रपणे सापडली. काही हिवाळ्यांतच त्यांनी तळ रिकामा केला. फेल्गर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘सायन्स’मध्ये या झोपेविषयी लिहिले, तोवर झोपणारी कासवे झपाट्याने संपत चालली होती. १९९० मध्ये मेक्सिकोने सर्वच सागरी कासवांच्या शिकारीवर बंदी घातली. ती सेरींनाही लागू झाली. ज्यांनी इतकी वर्षे समुद्र रिकामा होऊ दिला नाही, त्यांना आणि ज्यांनी तो केला त्यांना, एकच कलम.

लाकडाचेही तसेच. १९६० च्या सुमारास होसे आस्तोर्गा या सेरी माणसाने वाळवंटातल्या आयर्नवुड झाडाच्या वाळलेल्या लाकडातून मासे, कासवे, पक्षी कोरून विकायला सुरुवात केली. हे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. हळूहळू सारा समाज त्यावर जगू लागला. मग कीनो उपसागराजवळच्या बिगर-सेरी कारागिरांनी यंत्रे लावली, त्याच आकृत्या स्वस्तात आणि घाऊक निघू लागल्या, लाकूड दुर्मिळ झाले. आपल्या लेखासोबत कोरीव डॉल्फिनचा जो फोटो आहे, त्याखाली ‘सेरींची प्राचीन कला’ असे छापले आहे. कला साठ-पासष्ट वर्षांची आहे आणि तिचा जनक कोण, हे माहीत आहे. समाज ‘प्राचीन’ ठरला की त्यातल्या माणसाच्या नावाची गरज कोणाला वाटत नाही, हीच ती मॅगींची पायरी.

हे लोक आज कुठे आहेत, याबद्दल लेखात दोनच ओळी आहेत आणि त्याही ‘अस्तंगत होत चाललेल्या’ अशा सुरात. ते स्वतःला कोमकाक म्हणतात. पुंता च्वेका आणि एल देसेंबोके ही त्यांची दोन गावे. १९७० मध्ये किनाऱ्यालगतची जमीन त्यांना सामुदायिक मालकीने मिळाली, १९७५ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष एचेवेरिया यांच्या हुकुमाने तिबुरोन बेट त्यांचे झाले. बाराशे चौरस किलोमीटरचे हे मेक्सिकोतले सर्वांत मोठे बेट. त्याच काळात तिथे सरकारने रानमेंढे नेऊन सोडले, ते वाढले, आणि आता त्यांच्या मोजक्या शिकारीचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना मोठ्या किमतीला जातात, त्याचा पैसा समाजालाही मिळतो. हे बरे की वाईट, यावर कोमकाकांमध्येच मतभेद असणार. मला त्यात पडायचे नाही. त्यांची भाषा दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या कुळात बसत नाही, आणि घराघरांत बोलली जाते. बेकी मोझर आणि भाषाशास्त्रज्ञ स्टीफन मार्लेट यांनी सेरी जाणकारांसह केलेला तिचा शब्दकोश २००५ मध्ये आला. याच भाषेत पुंता च्वेकातली ‘हामाक कासीम’ नावाची मंडळी कर्कश रॉक वाजवतात. मला ते संगीत सोसत नाही. पण त्यांना कोणी अस्तंगत म्हणू नये.

मी सोनोराला गेलेले नाही. माझे सगळे ज्ञान पुस्तकी आहे, हे मान्य. म्हणूनच कोणते पुस्तक कोणी, कुठे बसून, कोणाला विचारून लिहिले, याकडे मी जरा जास्त काटेकोरपणे पाहते. आपल्या लेखकांनीही पुस्तके वाचूनच लिहिले आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त सर्वांत जुने आणि सर्वांत जाड तेच सर्वांत खरे, असे धरून चालू नये. १८९८ चा अहवाल आज सहज उपलब्ध आहे, १९८५ चा ग्रंथ त्यामानाने शोधावा लागतो. उतारे सोप्या वाटेने उचलले गेले असावेत.

आता विनंती. डिनविडींच्या १८९४ च्या फोटोखाली आपण ‘जगातील सर्वांत रानटी जमात’ अशी ओळ छापली आहे. फोटोतल्या माणसांची नावे मिळण्याजोगी नसतील, पण ‘कोस्टा रिका रँचवरील सेरी कुटुंब, १८९४’ एवढे तरी बिनचूक लिहिता येते. ही दुरुस्ती पुढच्या रविवारी, मूळ ओळ जितक्या मोठ्या अक्षरांत होती तितक्याच अक्षरांत छापावी. आणि सेरींवर पुन्हा पान काढायचे ठरले, तर रोबेर्तो हेर्रेरा, हेसुस मोरालेस आणि हुआन तोपेते यांच्या गोष्टींपैकी एखादी मराठीत आणवून छापावी. स्पॅनिशवरून भाषांतर करणारी माणसे मराठीत आहेत. मानधन कमी असले तरी करतील, मी त्यांतल्या दोघांना ओळखते.

आपली,
मानववंशशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
(नाव व पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे.)